अपडेटनंतर साइट बंद पडली? आधी एररची ओळ वाचा

वर्डप्रेस साइटवर एखादं प्लगइन, म्हणजे साइटला जादा सोय देणारं जोडसॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि साइट उघडेनाशी झाली, की आधी हात आवरायचा. आणखी काहीही अपडेट करायचं नाही. थीम नाही, वर्डप्रेस नाही, उरलेली प्लगइन तर मुळीच नाहीत. नेमकं काय बदललं हे या घटकेला तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. घाबरून आणखी चार गोष्टी बदलल्या की ती माहिती हातची जाते आणि पुढचा सगळा शोध अंदाजाने करावा लागतो.

दुसऱ्यांच्या वर्डप्रेस साइट सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे असे फोन येतच असतात. मी आधी विचारते: कोणतं प्लगइन, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलं, साधारण किती वाजता, आणि स्क्रीनवर काय लिहून आलंय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण ‘काहीतरी एरर आलाय’ एवढंच सांगतात. तेवढ्याने भागत नाही. स्क्रीनशॉट घ्या, अक्षर न् अक्षर जपून ठेवा. पुढे मदत मागायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

आणि दोन गोष्टी कृपा करून करू नका.

पहिली, ते प्लगइन डॅशबोर्डमधून डिलीट करू नका. डीॲक्टिव्हेट करणं वेगळं, डिलीट करणं वेगळं. डिलीट केल्यावर प्लगइनचा स्वतःचा साफसफाईचा कोड चालतो आणि बरीच प्लगइन त्यात आपली सेटिंग्ज आणि डेटाबेसमधली (साइटचा मजकूर आणि नोंदी जिथे साठतात तिथली) टेबलं पुसून टाकतात. फॉर्मचं प्लगइन असेल तर लोकांनी भरलेले अर्जही त्यात जाऊ शकतात. साइट तासभर बंद राहिलेली परवडते, पुसलेले अर्ज परत येत नाहीत.

दुसरी, लगेच कालचा पूर्ण बॅकअप रिस्टोअर करू नका. काल रात्रीनंतर आलेल्या ऑर्डर, नोंदणी, कमेंट हे सगळं डेटाबेसमध्ये आहे, जुना डेटाबेस वर चढवला की तेवढं सगळं नाहीसं होतं. बिघाड जवळपास नेहमी फाइलींमध्ये असतो. फाइली दुरुस्त करून भागत असेल तर डेटाबेसला हात कशाला लावायचा? उलट आत्ताच्या, बंद पडलेल्या साइटचाही एक बॅकअप होस्टिंगच्या पॅनेलमधून घेऊन ठेवा.

स्क्रीनवर काय दिसतंय

साइटवर गंभीर बिघाड झाल्याचा ‘क्रिटिकल एरर’चा संदेश असेल, कोरं पांढरं पान असेल किंवा 500 हा आकडा असेल, तर तिन्हींचा अर्थ बहुधा एकच: पीएचपीचा, म्हणजे वर्डप्रेस आणि प्लगइन ज्या भाषेत लिहिलेली असतात तिचा, कोड मध्येच कोसळला. पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

‘साइट देखभालीसाठी थोडा वेळ बंद आहे’ अशा अर्थाची एकच ओळ दिसत असेल, तर अपडेट मध्येच तुटलंय. अपडेट चालू असताना वर्डप्रेस साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची छोटी फाइल ठेवतं आणि काम झालं की काढून टाकतं. तुटलं तर ती तिथेच राहते. दहा मिनिटं उलटली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं, पण थांबायचं नसेल तर स्वतः काढून टाका. नावाची सुरुवात टिंबाने होते म्हणून ती लपलेली असते, फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा. मात्र संदेश गेला म्हणजे प्लगइन नीट बसलं असं नाही. ते अर्धवट उतरलेलं असू शकतं, तेव्हा नव्याने बसवाच.

साइट उघडते पण मांडणी विस्कटलीय, मेन्यू चालत नाही, बटणं निपचित पडलीत, तर आधी इन्कॉग्निटो विंडोत बघा आणि कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा. जुनी स्क्रिप्ट आणि नवं पान यांची गल्लत झालेली असते. ते वेगळं आणि बरंच सोपं दुखणं.

आधी मेल तपासा

2019 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये रिकव्हरी मोड आहे. प्लगइनमुळे साइट कोसळली की ॲडमिनच्या पत्त्यावर एक मेल जातो. त्यात कोणत्या प्लगइनमध्ये बिघाड झाला ते लिहिलेलं असतं आणि एक खास लिंक असते. त्या लिंकने लॉगिन केलंत की ते प्लगइन तुमच्यापुरतं थांबवलं जातं आणि डॅशबोर्ड उघडतो. पण फक्त तुमच्यापुरतं. बाकी जगाला साइट अजून बंदच दिसते. आत गेल्यावर ते प्लगइन रीतसर डीॲक्टिव्हेट केलंत की मगच सगळ्यांसाठी उघडते. लिंक साधारण एक दिवस चालते.

हा मेल सापडत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे ॲडमिनचा पत्ता पहिल्यांदा साइट बनवून देणाऱ्याचा असतो आणि त्याच्याशी आता कुणाचाच संपर्क नसतो. साइट धडधाकट असतानाच सेटिंग्जच्या पहिल्या पानावर जाऊन तिथला पत्ता कुणाचा आहे ते बघून ठेवा.

मेल नसेल तर फोल्डरचं नाव बदला

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर असतो. तो किंवा एफटीपी (सर्व्हरवरच्या फाइली दुरून हाताळायची सोय) उघडा, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये जा, त्यातलं ‘प्लगइन्स’ उघडा. तिथे प्रत्येक प्लगइनचं आपापलं फोल्डर दिसेल. ज्यावर संशय आहे त्याच्या नावाच्या शेवटी ‘-ऑफ’ जोडा. (फाइलींची आणि फोल्डरांची नावं मी देवनागरीत देतेय, तिथे ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतात.) वर्डप्रेसला ठरलेल्या जागी फाइल सापडत नाही, म्हणून ते प्लगइन लोडच होत नाही. काही पुसलं जात नाही, काही हरवत नाही.

आता साइट उघडली तर डॅशबोर्डमध्ये प्लगइनच्या यादीचं पान एकदा उघडा. ‘फाइल नाही म्हणून हे डीॲक्टिव्हेट केलं’ अशी सूचना दिसेल. ही पायरी गाळू नका. ते पान न उघडता फोल्डरचं नाव पूर्ववत केलंत तर प्लगइन चालूच समजलं जातं आणि साइट पुन्हा झोपते.

एकदम बरीच प्लगइन अपडेट झाली असतील आणि दोषी कोण ते कळत नसेल, तर सगळं ‘प्लगइन्स’ फोल्डरच बाजूला करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चालतो, पण मी तो शेवटी वापरते. सदस्यांपुरता मजकूर लपवणारं प्लगइन बंद झालं की तो मजकूर सगळ्या जगाला उघडा पडू शकतो. सुरक्षेचं प्लगइन बंद होतं. दुकान असेल तर ऑर्डरचं पान नाहीसं होतं. म्हणून आधी होस्टिंगच्या पॅनेलमधून साइटला तात्पुरता पासवर्ड लावा, मगच हे करा. आणि नंतर एकेक करून चालू करा. प्रत्येक वेळी साइट उघडून बघा, मग पुढचं.

एररची ओळ कशी वाचायची

फोल्डर बाजूला केलं, साइट उघडली, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. मला हे पटत नाही. का कोसळली ते कळलं नाही तर पुढच्या अपडेटला हेच पुन्हा होणार. ते कारण एका ओळीत लिहून ठेवलेलं असतं, फक्त ती ओळ काढून वाचायची आहे.

सीपॅनेलसारख्या होस्टिंगमध्ये ‘एरर_लॉग’ नावाची फाइल साइटच्या फोल्डरमध्ये आधीच असू शकते. ती मिळाली तर उत्तमच. नसेल तर साइटच्या मुख्य सेटिंग्जच्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइलमध्ये तीन ओळी अशा करा: ‘डब्ल्यूपी_डीबग’ ट्रू, ‘डब्ल्यूपी_डीबग_लॉग’ ट्रू आणि ‘डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले’ फॉल्स. तिन्ही नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आणि ‘इथून पुढे बदल करू नका’ अशा अर्थाची जी टीप त्या फाइलमध्ये असते तिच्या वर. तिसरी ओळ विसरू नका, नाहीतर येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या सर्व्हरवरचे फाइलींचे पत्ते दिसतील. या ओळी कुठून कॉपी केल्या असतील तर अवतरणचिन्हं सरळ आहेत ना ते बघा. वळणदार अवतरणचिन्हं आली की हीच फाइल कोसळते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

आता फोल्डरचं नाव पूर्ववत करा, लागलं तर प्लगइन चालू करा, साइट एकदा उघडा, कोसळू द्या, आणि नाव पुन्हा बदला. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये ‘डीबग डॉट लॉग’ तयार झालेली असेल. तळाशी जा आणि ‘फेटल एरर’ हे शब्द शोधा. ‘नोटिस’, ‘वॉर्निंग’, ‘डेप्रिकेटेड’ अशा ओळींचा ढीग असेल, त्याकडे आज बघायचं नाही. त्यांच्यामुळे साइट सहसा पडत नाही. वेळ पडताळताना एक लक्षात ठेवा: या लॉगमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तुमच्या घड्याळाशी ती जुळेलच असं नाही.

फेटल एररच्या ओळीत तीन गोष्टी असतात: काय झालं, कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर. फाइलच्या पत्त्यात ‘प्लगइन्स’नंतर जे फोल्डरचं नाव येतं ते त्या प्लगइनचं. ‘थीम्स’ असेल तर कोड थीममधला.

‘काय झालं’ याचे नेहमीचे प्रकार मोजकेच आहेत.

‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ किंवा ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणजे कोडला जे हवंय ते जागेवर नाही. एक तर अपडेट अर्धवट उतरलं, तेव्हा प्लगइनची झिप फाइल नव्याने चढवली की काम होतं. नाहीतर मूळ प्लगइन पुढे गेलं आणि त्याचं ॲड-ऑन (त्याला जोडून चालणारं दुसरं प्लगइन) मागे राहिलं. मूळ प्लगइनच्या नव्या आवृत्तीत एखादं फंक्शन काढून टाकलेलं असतं आणि ॲड-ऑन अजून त्यालाच हाक मारत असतं. ॲड-ऑनचंही नवं अपडेट आलंय का ते बघा.

‘कॅनॉट रीडिक्लेअर’ म्हणजे एकाच नावाच्या दोन गोष्टी. मोफत आणि प्रो अशा दोन्ही आवृत्त्या एकदम चालू असल्या की हा हमखास दिसतो.

‘अलाउड मेमरी साइझ’ आणि पुढे 134217728 असा आकडा: हे 128 एमबी झाले. मर्यादा वाढवून 256 एमबी केली तर बऱ्याचदा भागतं. पण वाढवलेलीही संपली, तर कोड कुठेतरी स्वतःभोवतीच फिरतोय असं समजा. तिथे मेमरी कितीही दिलीत तरी पुरणार नाही.

‘पार्स एरर’ किंवा ‘सिंटॅक्स एरर’ अपडेटनंतर लगेच आला आणि फाइल पूर्ण उतरलेली असली, तर सर्व्हरवरचं पीएचपी जुनं असण्याची शक्यता मोठी. उदाहरणार्थ, कोडमधला ‘मॅच’ हा शब्द पीएचपी 8.0 पासून आहे, ‘एनम’ 8.1 पासून. 7.4 ला हे शब्दच समजत नाहीत. लेखकाने किमान पीएचपीची अट नीट नोंदवली असेल तर वर्डप्रेस ते अपडेट होऊच देत नाही, पण सगळे लेखक ती नोंदवत नाहीत. 7.4 ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर 2022 मध्येच थांबलंय, त्यामुळे पीएचपी वर न्यायलाच हवं. पण ते आज, साइट पडलेली असताना नाही. आज प्लगइन मागे न्या, पीएचपीचा बदल सवडीने चाचणी घेऊन करा.

‘टाइप एरर’ हा याच्या उलट. पीएचपी नवं, कोड जुना. पीएचपी 7 मध्ये नुसत्या वॉर्निंगवर भागणाऱ्या बऱ्याच चुकांवर पीएचपी 8 थेट थांबतं.

लॉगमध्ये ज्याचं नाव आलं तेच प्लगइन दोषी असेल असं मात्र नाही. एका प्रशिक्षण संस्थेच्या साइटवर फॉर्मचं प्लगइन अपडेट केल्यावर साइट पडली आणि लॉगमध्ये नाव आलं मेल पाठवणाऱ्या प्लगइनचं, ज्याला महिनोन्‌महिने कुणी हात लावला नव्हता. संस्थेतले लोक त्या मेलच्या प्लगइनवर खूप चिडले होते. खरं कारण असं निघालं की दोन्ही प्लगइन एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) आपापल्या पोटात घेऊन आली होती, फक्त आवृत्त्या वेगळ्या. पीएचपीमध्ये एका नावाचा क्लास (कोडचा नाव दिलेला गट) एकदाच लोड होतो, जो आधी आला तो राहतो. अपडेटनंतर फॉर्मच्या प्लगइनने नवी लायब्ररी आधी लोड केली, आणि मेलच्या प्लगइनला जुन्या लायब्ररीतलं जे फंक्शन हवं होतं ते नव्यात नव्हतं. कोसळलं एक, ढकललं दुसऱ्याने.

म्हणून फेटल एररच्या खाली ‘हॅश शून्य’, ‘हॅश एक’ अशा क्रमांकांनी सुरू होणाऱ्या ओळी असतात त्याही वाचा. कोणी कोणाला बोलावलं याची ती साखळी आहे. सगळ्यात वर कोसळण्याची जागा, खाली खाली जात सुरुवातीकडे. त्या साखळीत दुसऱ्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव दिसलं की तिथे थांबा. भांडण त्या दोघांचं आहे. दोघांपैकी एकेक बंद करून बघितलं की खात्री पटते.

मागच्या आवृत्तीवर जाताना

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातलं प्लगइन असेल तर त्याच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड व्ह्यू’ असतो, त्यात तळाशी जुन्या आवृत्त्या मिळतात. हवी ती झिप उतरवा आणि डॅशबोर्डमधून नेहमीसारखी अपलोड करा. 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेस विचारतं की आत्ताची काढून ही बसवू का, आणि दोन्हींचे आकडे शेजारी दाखवतं. ‘डब्ल्यूपी रोलबॅक’ हे प्लगइनही हेच काम करतं. विकतचं प्लगइन असेल तर जुनी झिप विक्रेत्याच्या साइटवरच्या तुमच्या खात्यात शोधावी लागते, आणि काही विक्रेते ती ठेवत नाहीत. अशा प्लगइनची चालणारी प्रत्येक झिप मी स्वतःकडे साठवून ठेवते.

पण मागे जाण्याआधी चेंजलॉग, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची यादी, वाचा. दोन गोष्टी शोधायच्या.

एक, अपडेटने डेटाबेसची रचना बदलली आहे का? दुकानाच्या आणि फॉर्मच्या प्लगइनमध्ये हे नेहमी होतं. फाइली जुन्या झाल्या तरी डेटाबेस मागे येत नाही. जुना कोड आणि नवी टेबलं एकत्र आली की साइट उघडते, सगळं ठीक वाटतं आणि नोंदी चुकीच्या पडू लागतात. उघडपणे बंद पडलेल्या साइटपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. डेटाबेस बदललेला असेल तर मागे जाऊ नका, प्लगइन बंद ठेवून लेखकाच्या दुरुस्तीची वाट बघा. अगदीच इलाज नसेल तर फाइली आणि डेटाबेस दोन्ही बॅकअपमधून आणा, आणि मधल्या काळातल्या ऑर्डर आधी बाहेर काढून ठेवा.

दोन, अपडेट सुरक्षेचं होतं का? असेल तर मागे जाणं म्हणजे बुजवलेलं भोक पुन्हा उघडणं. चेंजलॉग जाहीर असतो, तो हल्लेखोरही वाचतात. तिथेही प्लगइन बंद ठेवणंच बरं.

प्लगइन बंद केलं तरी साइट उठत नसेल

मग त्याने मागे ठेवलेलं काहीतरी आहे. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड-कॅशे’ आणि ‘ऑब्जेक्ट-कॅशे’ या फाइली बघा. कॅशेची प्लगइन त्या तिथे ठेवतात आणि प्लगइनचं फोल्डर हलवलं तरी त्या लोड होतच राहतात. नावं बदला, आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘डब्ल्यूपी_कॅशे’ची ओळ असेल तर ती फॉल्स करा. ‘एमयू-प्लगइन्स’ (आपोआप चालू राहणाऱ्या प्लगइनचं) फोल्डर असेल तर त्यातही डोकवा, डॅशबोर्डवरून तिथलं काही बंद करता येत नाही. मुख्य फोल्डरमधल्या ‘डॉट एचटीॲक्सेस’ या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलचं नाव बदलून बघा. त्याने साइट उठली तर सेटिंग्जमधलं पर्मालिंकचं पान उघडून फक्त सेव्ह करा, नवी फाइल आपोआप बनते. एवढं करूनही सर्व्हर जुनाच कोड चालवतोय असं वाटलं तर ओपीकॅशे (पीएचपीने मेमरीत साठवून ठेवलेला कोड) रिकामी करा किंवा होस्टिंगवाल्यांना करायला सांगा. डिस्कवरची जागा संपली असेल तर अपडेट अर्धवटच उतरतं, तेही पॅनेलमध्ये दिसतं.

साइट उठल्यावर

मुख्यपान दिसलं म्हणून काम झालं असं धरू नका. फॉर्म स्वतः भरा, मेल येतो का बघा. ऑर्डर पेमेंटपर्यंत नेऊन बघा. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. लॉग परत उघडा आणि नवा फेटल एरर नाही ना ते बघा.

त्या प्लगइनचं ऑटो-अपडेट तूर्त बंद करा, नाहीतर तीच आवृत्ती रात्रीतून पुन्हा येईल. 2024 च्या 6.6 आवृत्तीपासून ऑटो-अपडेटनंतर साइट कोसळली तर वर्डप्रेस स्वतःच प्लगइन मागच्या आवृत्तीवर नेतं. सोय फार चांगली आहे. पण ती तपासणी मुख्यपानापुरती असते, आणि ऑटो-अपडेटलाच लागू होते. फक्त पेमेंटच्या पानावर कोसळणारा बिघाड तिच्या नजरेतून सुटतो. दुकानाच्या साइटवर म्हणूनच मी मोठी अपडेट आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) करते, आणि एका वेळी एकच.

प्लगइनच्या लेखकाला कळवताना फेटल एररची पूर्ण ओळ, खालची साखळी, पीएचपीची, वर्डप्रेसची आणि प्लगइनची आवृत्ती, आणि कोणत्या दुसऱ्या प्लगइनबरोबर बिघडतं ते लिहा. डॅशबोर्डमधल्या साइट हेल्थच्या ‘इन्फो’ पानावर यातली आवृत्त्यांची माहिती एका बटणाने कॉपी होते. पाठवण्याआधी तुमच्या सर्व्हरवरचे पत्ते आणि युजरनेम त्यातून काढा.

शेवटी ‘डब्ल्यूपी_डीबग’ पुन्हा फॉल्स करा, लॉगची एक प्रत स्वतःच्या मशीनवर घ्या आणि सर्व्हरवरची ‘डीबग डॉट लॉग’ पुसून टाका. बऱ्याच सर्व्हरवर ती फाइल पत्ता माहीत असलेल्या कुणालाही ब्राउझरमध्ये उघडता येते, आणि तिचा पत्ता सगळ्या वर्डप्रेस साइटवर सारखाच असतो.